‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’ : डब पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांसाठी

जमैकातल्या डब संगीताचा हा अल्बम मी पहिल्यांदा लावला तेव्हा दुसऱ्याच मिनिटाला हेडफोनची पिन काढून शर्टाला पुसली. गाणारा माणूस एक शब्द म्हणायचा आणि गायब व्हायचा. गिटार एकदाच ‘चक्’ करायची आणि तो आवाज विहिरीत दगड पडल्यासारखा खोल खोल जायचा. मग अचानक सगळंच बंद, नुसता बेस (खर्जातली गिटार). पिन पुसून झाली, वायर बदलून झाली, फाइल पुन्हा उतरवून झाली. मग कळलं की बिघाड कुठेच नाही, हे असंच आहे.

त्यानंतर वर्षभर मी हा अल्बम ऐकला, पण उलट्या क्रमाने. आधी इकोची म्हणजे पडसादांची गंमत, मग मिक्सिंग करणाऱ्या टबीच्या दंतकथा, मग ज्याचा हा अल्बम तो पाब्लो, आणि सगळ्यात शेवटी ज्यांनी हे संगीत प्रत्यक्ष वाजवलं ते वादक. मला आता वाटतं की डबमध्ये सुरुवात वादकांपासूनच करावी. गायकाला बाजूला काढलं की मागे जे उरतं ते त्यांचंच काम असतं, आणि ते इतकं उघडं दुसरीकडे क्वचितच ऐकायला मिळतं.

डब म्हणजे काय, हे एका परिच्छेदात सांगतो. जमैकात १९६०च्या दशकात गल्लोगल्ली ‘साउंड सिस्टिम’ चालायच्या. म्हणजे भल्यामोठ्या स्पीकरच्या भिंती, टर्नटेबल आणि रस्त्यावरचा नाच. या मंडळींना इतरांकडे नसलेली रेकॉर्ड हवी असायची, म्हणून स्टुडिओत मऊ ॲसिटेटची एकच तबकडी कापून घ्यायचे. तिला ‘डब प्लेट’ म्हणत. १९६०च्या दशकाच्या शेवटी स्पॅनिश टाउनच्या साउंड सिस्टिमवाल्या रडी रेडवुडसाठी अशी एक तबकडी कापताना गाण्यातला गायकाचा आवाज चुकून राहून गेला. रेडवुडने ती तशीच वाजवली आणि लोक स्वतःच गाऊ लागले. मग सिंगलच्या (एका गाण्याच्या छोट्या तबकडीच्या) मागच्या बाजूला गायकाविना ‘व्हर्जन’ छापायची पद्धत पडली, आणि त्या व्हर्जनशी मिक्सिंगच्या टेबलावर (जिथे वेगवेगळे आवाज कमी-जास्त करून एकत्र जुळवतात) खेळता खेळता डब तयार झाला.

हाताशी काय हवं

- बेस नीट ऐकू येईल असा हेडफोन किंवा स्पीकर. फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. त्यात अर्धा अल्बम पोहोचतच नाही.
- मूळ गाण्यांची यादी (पायरी ३ मध्ये दिली आहे).
- वही आणि पेन. मोबाइलमध्ये टिपून भागत नाही, कारण ऐकताना स्क्रीन बघितली की कान बंद होतात. निदान माझे तरी होतात.
- इक्वलायझर, ‘बेस बूस्ट’, ‘सराउंड’ वगैरे सगळं बंद. या अल्बमवर ते काम आधीच एका माणसाने करून ठेवलं आहे.
- चार मोकळ्या संध्याकाळी. अल्बम लहान आहे, पण एका बैठकीत उरकायचा नाही.

१. आधी मुखपृष्ठावरचं नाव सोडवा

नाव लांबलचक आहे आणि त्यात चार गोष्टी दडल्या आहेत. मी बरेच दिवस हा ‘किंग टबीचा अल्बम’ समजत होतो. तसं नाही.

अल्बम १९७६चा आणि ऑगस्टस पाब्लोचा. संगीत त्याचं, निर्मिती त्याची, मेलोडिका (तोंडाने फुंकायची छोटी पेटी) वाजवणारा तोच. त्याचं खरं नाव होरेस स्वेबी. ‘ऑगस्टस पाब्लो’ हे नाव त्याला जमैकाच्या राजधानीतला, किंग्स्टनचा निर्माता हर्मन चिन-लॉय याने दिलं, आणि त्यातही गंमत अशी की चिन-लॉय हे नाव आधीपासूनच वाद्यसंगीताच्या रेकॉर्डवर वापरत होता. म्हणजे नाव तयार होतं, माणूस नंतर आला.

किंग टबी म्हणजे ऑस्बर्न रडॉक. तो वादक नव्हता, संगीतकारही नव्हता. तो रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा इलेक्ट्रॉनिक्सचा कारागीर होता. त्याची स्वतःची ‘होम टाउन हाय-फाय’ नावाची साउंड सिस्टिम होती आणि ड्यूक रीडच्या ‘ट्रेझर आइल’ स्टुडिओत त्याने तबकड्या कापण्याचं काम केलं होतं. या अल्बममध्ये त्याचं काम मिक्सिंगचं.

‘रॉकर्स’ हे पाब्लोच्या रेकॉर्ड कंपनीचं नाव. त्याच्या साउंड सिस्टिमचंही तेच. आणि ‘अपटाउन’? किंग्स्टन शहरात अपटाउन म्हणजे वरचा, खाऊन-पिऊन सुखी भाग. पाब्लो तिकडच्या हॅव्हनडेलमध्ये वाढलेला मध्यमवर्गीय मुलगा. टबीचा स्टुडिओ वॉटरहाउसच्या गरीब वस्तीत, ड्रॉमिली ॲव्हेन्यूवर, राहत्या घरातच. ‘मीट्स’ या शब्दाला शहराचा नकाशा माहीत असल्याशिवाय चव येत नाही.

२. योग्य प्रत मिळवा

इथे पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात, म्हणून नीट वाचा.

पहिला सापळा टबीच्या नावाचा. ते नाव विकलं जातं, त्यामुळे ‘किंग टबी मीट्स’ अमुक, ‘किंग टबी इन’ तमुक, अशा शीर्षकांची रांग लागली आहे. काही संग्रह उत्तम आहेत, काहींमध्ये टबीच्या शिष्यांनी केलेली मिक्सिंग आहेत (प्रिन्स जॅमी आणि सायंटिस्ट हे दोघे त्याच्याच हाताखाली शिकले). शोधताना तिन्ही शब्द जुळवून पाहा: टबी, रॉकर्स, अपटाउन. आणि कलाकाराच्या जागी ऑगस्टस पाब्लोचं नाव आहे ना, तेही बघा. मी एकदा शहरातल्या एका विक्रेत्याकडून मोठ्या हौसेने एक सीडी घेतली. घरी येऊन पाहतो तर वर ‘किंग टबी’ ठळक आणि आत पाब्लोची मेलोडिका औषधालाही नाही. परत घेणार नाही म्हणाला. चूक माझीच, मागची बाजू मी वाचलीच नव्हती.

दुसरा सापळा हिज्ज्यांचा. कुठे ‘टबी’, कुठे ‘टबीज’, कुठे ‘टबीस’. मूळ शीर्षकातच व्याकरण धड नाही, तेव्हा त्यावर अडून बसू नका.

तिसरा सापळा वाढीव आवृत्त्यांचा. पुढे निघालेल्या काही आवृत्त्यांत शेवटी जादा तुकडे जोडलेले आहेत. त्यांना नावं ठेवत नाही, पण पहिल्या फेरीत ते बाजूला ठेवा. अल्बम ‘सट्टा’ या तुकड्यावर संपतो तिथे थांबा.

३. आधी मूळ गाणं, मग डब

ही पायरी मी गाळली होती आणि त्यामुळेच ते हेडफोन पुसणं झालं. जमैकातला श्रोता डब ऐकायचा तेव्हा मूळ गाणं त्याला पाठ असायचं. गायकाचा एक शब्द येऊन विरला की पुढची ओळ तो मनात पुरी करायचा. आपण ते गाणं कधी ऐकलेलंच नाही, मग आपल्याला पुरी काय करता येणार? ओळखीची लावणी ढोलकीवर नुसती वाजली तरी आपण मनात शब्द म्हणतोच की. तसंच हे.

म्हणून या जोड्या ऐका:

- गायक जेकब मिलरचं ‘बेबी आय लव्ह यू सो’ आणि मग शीर्षकाचा तुकडा ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’.
- जेकब मिलरचं ‘कीप ऑन नॉकिंग’ आणि मग ‘कीप ऑन डबिंग’.
- जेकब मिलरचं ‘ईच वन टीच वन’ आणि मग ‘ईच वन डब’.
- ‘द ॲबिसिनियन्स’चं ‘सट्टा मासागाना’ आणि मग ‘सट्टा’.

पहिल्या जोडीसाठी निदान अर्धा तास राखून ठेवा. ‘बेबी आय लव्ह यू सो’ हे साधं, गोड प्रेमगीत आहे. १९७५मध्ये इंग्लंडमध्ये ‘आयलंड’ कंपनीने ते सिंगल म्हणून काढलं. पुढच्या बाजूला गाणं, मागच्या बाजूला हा डब. लोकांनी तबकडी उलटी करून मागची बाजूच उचलून धरली. गाणं दोनदा ऐका, तिसऱ्यांदा स्वतः गुणगुणा, आणि मग लगेच डब लावा. मिलरचा आवाज तुटक येईल, एखादा शब्द येऊन कापला जाईल, त्याचा पडसाद पुढे धावत जाईल. आता ते तुटणं बिघाडासारखं वाटत नाही, कारण गाणं तुमच्या डोक्यात चालूच असतं.

याच चालीच्या पायावर आणखी एक तुकडा आहे, ‘कसावा पीस’ नावाचा. त्यात गायक नाही, फक्त पाब्लोची मेलोडिका. म्हणजे एकच वाद्यवृंद एकदाच वाजला आणि त्यावर वाद्याचा तुकडा, गायकाचं गाणं आणि डब असे तीन मजले चढले. जमैकात या पायाला ‘रिडिम’ म्हणतात. एकच रिडिम वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा वापरला जातो आणि त्यात कुणालाही काही गैर वाटत नाही. आपल्याकडे एकाच चालीत चार अभंग बसतात, तेव्हा आपण तरी कुठे कुरकुर करतो?

‘सट्टा’ या नावाने फसू नका. मटक्याशी काही संबंध नाही. इथिओपियातल्या अम्हारिक भाषेतून घेतलेला हा शब्द आहे, ईश्वराची स्तुती, त्याचे आभार अशा अर्थाने. रास्ताफारी पंथीयांसाठी इथिओपिया ही पुण्यभूमी, म्हणून जमैकाच्या गाण्यांत ती भाषा डोकावते.

४. ठेका हाताने मोजा

आता गायक विसरा. टेबलावर बोट आपटत सावकाश एक-दोन-तीन-चार मोजा.

आपल्या कानाला समेची सवय आहे. केरवा असो की तीनताल, समेवर काहीतरी ठोस पडणार याची आपण वाट बघतो. रेगेतल्या (डब ज्या जमैकन संगीतातून निघाला त्यातल्या) ‘वन ड्रॉप’ ठेक्यात नेमकी तीच जागा रिकामी असते. एकवर ड्रमर हात उचलून बसतो. ‘धप्प’ येतो तो तीनवर, पायाचा मोठा ड्रम आणि स्नेअरच्या (समोरच्या छोट्या ड्रमच्या) काठावरचा फटका एकाच वेळी. आणि दोन व चारवर गिटारचा ‘चक्’. सुरुवातीला बोट अडखळतं, पुढे त्या रिकाम्या समेचीच चटक लागते.

मोजणी दुप्पट वेगाने झाली तर सगळं गणित चुकतं, आणि ते हमखास होतं. खूण लक्षात ठेवा: गिटार दोन-चारवर पडली पाहिजे. पडत नसेल तर वेग निम्मा करून पुन्हा मोजा.

अल्बमवर ड्रमर म्हणून नाव आहे कार्लटन बॅरेटचं. बॉब मार्लीच्या ‘वेलर्स’चा ड्रमर तो हाच, आणि वन ड्रॉप जगभर पोहोचला तो बराचसा याच्या हातून. त्याचं हाय-हॅट (पायाने उघड-मीट होणारी झांजांची जोडी) कान देऊन ऐका. काठीची टोकं झांजेवर अगदी हलकी पडतात, मध्येच तिहेरी गुंफण येते, आणि तरी ठेका कधी घाई करत नाही. टबीने बाकी सगळं बंद केलं की ही झांज एकटी उरते. मूळ गाण्यात ती शोधावी लागते, इथे ती समोर येऊन बसते.

बेसला दोन नावं आहेत. एक कार्लटनचा थोरला भाऊ ॲस्टन ‘फॅमिली मॅन’ बॅरेट, तोही वेलर्सचाच. दुसरा रॉबी शेक्सपिअर, जो पुढे ड्रमर स्लाय डनबारबरोबर ‘स्लाय अँड रॉबी’ म्हणून गाजला. रॉबी बेस शिकला तो फॅमिली मॅनकडून. म्हणजे एकाच अल्बमवर गुरू आणि शिष्य. कुठल्या तुकड्यात कोण, हे पैज लावून सांगायला जाऊ नका. मुखपृष्ठावर वादकांची यादी अख्ख्या अल्बमची एकत्र दिलेली असते.

बेस ऐकायची माझी युक्ती अशी: बेसची ओळ तोंडाने म्हणून बघा. रेगेत बेस तळाशी नुसता भर घालत बसत नाही, तो स्वतंत्र चाल गातो, आणि स्वरांच्या मधल्या जागा भरत नाही. चार वेळा ऐकून ती ओळ तुम्हाला म्हणता आली की ही पायरी झाली.

५. उरलेले वादक वेगळे काढा

गिटार अर्ल ‘चिना’ स्मिथची. त्याच्यावर फार वेळ घालवावा लागत नाही, कारण टबीचं सगळ्यात लाडकं सावज तोच आहे. एक ‘चक्’ पकडायचा आणि त्याचे पडसाद सोडायचे, हा टबीचा खेळ.

फुंकवाद्यांचा ताफा तिघांचा: ट्रम्पेटवर बॉबी एलिस, ट्रॉम्बोनवर विन्सेंट गॉर्डन, टेनर सॅक्सोफोनवर रिचर्ड ‘डर्टी हॅरी’ हॉल. एलिस आणि गॉर्डन हे दोघे किंग्स्टनच्या ‘अल्फा बॉईज स्कूल’चे. कॅथलिक जोगिणींनी चालवलेली ही गरीब मुलांची शाळा. तिथल्या बँडमधून जमैकाच्या वादकांच्या दोन-तीन पिढ्या बाहेर पडल्या. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदात गेलेले ट्रम्पेट-व्हायोलिनवाले आठवतात का? तिकडेही तीच गोष्ट: शिस्त चर्चची, पोट बाजाराचं, आणि तबकडीवर बऱ्याचदा नावाचा पत्ता नाही.

आता मेलोडिका. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना ही पायरी सोपी. मेलोडिका म्हणजे तोंडाने फुंकून वाजवायची छोटी पेटीच. दोन्हींत पितळी पट्ट्या हवेने थरथरतात, भात्याचं काम इथे फुप्फुसं करतात. शाळेत मुलांना स्वर शिकवायला द्यायचं हे वाद्य. पाब्लोने ते मोठ्यांच्या बैठकीत आणून बसवलं. १९७२मध्ये क्लाइव्ह चिनच्या निर्मितीत निघालेल्या ‘जावा’ने त्याला जमैकात नाव मिळवून दिलं. त्याच्या सुरावटी मायनरमध्ये असतात, आपल्या भाषेत कोमल गंधाराच्या. या वळणाला तिथे ‘फार ईस्ट’ म्हणायचे. पूर्व म्हणजे नेमकी कोणती याची फारशी चौकशी कुणी केली नाही, आणि आपणही करू नये.

पाब्लोची मेलोडिका तानबाजी करत नाही. एक छोटा वाक्यांश, मग थांबणं, मग तोच वाक्यांश थोडा वाकवून. पेटीवाल्यांना हे संयमाचं वाटेल किंवा कंटाळवाणं. मला पहिले दोन आठवडे कंटाळवाणं वाटलं.

६. आता टबीचे हात ऐका

इथवर वादक ओळखीचे झाले असतील तर आता मिक्सिंग कळायला लागतं. घाई करून आधी इथे आलात तर सगळा ‘इफेक्ट’च ऐकू येईल.

काम कसं चालायचं ते आधी समजून घ्या. या अल्बममधलं बरंचसं मूळ वादन झालं ते ‘रँडीज’ स्टुडिओत, किंग्स्टनच्या मध्यवस्तीत नॉर्थ परेडवर, रेकॉर्डच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तिथे टेप भरायची आणि ती वॉटरहाउसला टबीकडे न्यायची. टबीकडे अख्खा बँड मावेल एवढी जागाच नव्हती. गायकाचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा झाला तर तो न्हाणीघरात उभा राहायचा.

टेपवर चार पट्टे. बेस, ड्रम, गिटार आणि की-बोर्ड, फुंकवाद्यं, गायक हे सगळं त्या चारांत वाटून बसवलेलं. म्हणजे टबीकडे चारच घोडे होते. तो एक पट्टा बंद करायचा, दुसरा उघडायचा, तिसरा इकोत ढकलायचा. हे सगळं टेप पुढे सरकत असतानाच, हाताने, एका दमात. हात चुकला तर टेप मागे घेऊन पहिल्यापासून. त्यामुळे एकाच गाण्याची दोन डब मिक्सिंग कधीच सारखी नसायची.

ऐकताना या चार खुणा शोधा आणि वहीत मिनिट-सेकंदांसकट लिहा:

पहिली खूण, गाळणं. वाद्य एकदम नाहीसं होतं. बहुतेक वेळा ड्रम आणि बेस मागे उरतात. क्वचित बेसच जातो, आणि तेव्हा पायाखालची फरशी काढल्यासारखं वाटतं.

दुसरी, पडसाद. टेपवर आवाज भरायचा आणि काही अंतरावरच्या दुसऱ्या हेडने (टेप वाचणाऱ्या भागाने) तो वाचायचा. दोहोंमधलं अंतर म्हणजे उशीर. तोच आवाज पुन्हा आत सोडला की पडसादाचे पडसाद निघतात. टबीचे पडसाद ठेक्याशी जुळून येतात, तेव्हा ते सातवा-आठवा वादक असल्यासारखे वाजतात.

तिसरी, घुमारा. तो स्प्रिंगचा. धातूच्या स्प्रिंगमधून आवाज पाठवला की तो मोठ्या खोलीत घुमल्यासारखा येतो. त्या डब्यावर सरळ चापट मारली की स्प्रिंगा एकमेकींवर आदळतात आणि वीज कडाडल्यासारखा आवाज होतो. टबी हे मुद्दाम करायचा. मी तो आवाज बराच काळ ड्रमचा समजत होतो.

चौथी, गाळणी. टबीने ‘डायनॅमिक साउंड्स’ स्टुडिओकडून एमसीआय कंपनीचं जुनं मिक्सिंग टेबल विकत घेतलं होतं. त्यावर एक मोठं बटण होतं. ते फिरवलं की आवाजातला खालचा भाग पायरीपायरीने कापला जायचा. झांज किंवा गिटार हळूहळू पातळ होत कागदासारखी सळसळते आणि परत भरते, ती या बटणाची करामत. बाकीच्यांनी इको विकत घेतले, पण हे बटण त्यांच्याकडे नव्हतं. पुढे ते टेबल अमेरिकेत, सिअ‍ॅटलच्या संग्रहालयात जाऊन पोहोचलं.

इथे एक इशारा. चारही खुणा एकदम शोधू नका. एका फेरीला एक. मी पहिल्यांदा सगळ्या शोधायला गेलो आणि वहीत तीन पानं नुसतं ‘इको, इको, इको’ लिहून उठलो.

७. कोणी काय वाजवलं याची वही

वादकांच्या मागे लागायचं ठरवलंत तर टोपणनावं पाठ करावीच लागतात. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा:

- फॅमिली मॅन, फॅम्स: ॲस्टन बॅरेट, बेस.
- कार्ली: कार्लटन बॅरेट, ड्रम.
- चिना: अर्ल स्मिथ, गिटार.
- डर्टी हॅरी: रिचर्ड हॉल, सॅक्सोफोन.
- डॉन ड्रमंड ज्युनियर: विन्सेंट किंवा विन गॉर्डन, ट्रॉम्बोन.

शेवटचं नाव घातक आहे. डॉन ड्रमंड हा स्का (रेगेच्या आधीच्या जमैकन) संगीतातला थोर ट्रॉम्बोनवादक १९६९मध्येच वारला. विन गॉर्डनला ‘ज्युनियर’ ही पदवी मिळाली ती वादनामुळे, तो त्याचा मुलगा नव्हे. मी माझ्या वहीत ‘ड्रमंड, वडील की मुलगा?’ असं लिहून प्रश्नचिन्हाभोवती गोल काढला होता. तो गोल अजून आहे.

दुसरा घोळ दोन कार्लटनांचा. कार्लटन बॅरेट आणि कार्लटन ‘सँटा’ डेव्हिस. दोघेही ड्रमर, दोघेही त्याच काळातले, दोघेही किंग्स्टनचे. सँटा हा चिना स्मिथच्या ‘सोल सिंडिकेट’ या बँडमधला, त्यामुळे चिनाचं नाव दिसलं की सँटाही असेल असा अंदाज बांधून लोक फसतात.

आणि तिसरा घोळ सगळ्यात मोठा: बँडचं नाव म्हणजे वादक नव्हेत. ‘द अपसेटर्स’चं ‘रिटर्न ऑफ जँगो’ १९६९मध्ये इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. तबकडीवर वाजवणारे पियानोवादक ग्लॅडी अँडरसनच्या संचातले. पण त्या यशावर इंग्लंडच्या दौऱ्यावर ‘अपसेटर्स’ म्हणून गेले ते बॅरेट बंधू आणि त्यांचे साथीदार. तेव्हा तबकडीवर बँडचं नाव दिसलं म्हणून लगेच वहीत वादकांची नावं भरू नका.

हे सगळं इतकं गोंधळाचं का, तर कामाची पद्धतच तशी होती. वादकांना गाण्यामागे ठरलेले पैसे मिळायचे. एका दिवसात अनेक गाणी वाजवायची, पैसे घ्यायचे आणि दुसऱ्या स्टुडिओत जायचं. त्या रिडिमवर पुढे किती गाणी, किती डब निघाले, याचा हिशेब त्यांच्यापर्यंत येत नसे. फॅमिली मॅनने वेलर्सच्या संगीतातल्या आपल्या वाट्यासाठी लंडनच्या न्यायालयात सहा कोटी पौंडांचा दावा लावला होता. २००६मध्ये तो हरला. तो बेस ऐकताना हे माहीत असलेलं बरं.

८. पुढे काय

याच पाब्लोचे दोन अल्बम आधी घ्या. १९७४चा ‘धिस इज ऑगस्टस पाब्लो’ वाद्यसंगीताचा आहे, डबची भीती वाटत असेल तर इथून सुरुवात केली तरी चालेल. १९७७चा ‘ईस्ट ऑफ द रिव्हर नाइल’ त्याहून शांत, आणि मेलोडिकेसाठी माझा सर्वांत आवडता. त्यानंतर १९७६चाच ‘सुपर एप’, निर्माता ली पेरीने आपल्या ‘ब्लॅक आर्क’ स्टुडिओत घडवलेला. टबी काढून घेतो, पेरी भरत जातो. दोन्ही पाठोपाठ ऐकलेत तर फरक कुणी सांगावा लागणार नाही.

नव्याने ऐकणाऱ्यांना माहितीसाठी: यातले बरेच जण आता नाहीत. जेकब मिलर १९८०मध्ये मोटार अपघातात गेला. कार्लटन बॅरेटला १९८७मध्ये आणि टबीला १९८९मध्ये, दोघांनाही किंग्स्टनमध्ये स्वतःच्या घराच्या दारात गोळ्या घातल्या गेल्या. पाब्लो १९९९मध्ये, रॉबी २०२१मध्ये, फॅमिली मॅन २०२४मध्ये गेला.

चेहरे बघायचे असतील तर १९७८चा ‘रॉकर्स’ हा जमैकन सिनेमा मिळवा. त्यात वादकांनी वादकांच्याच भूमिका केल्या आहेत. जेकब मिलर आहे, रॉबी आहे, आणि इतके दिवस ज्याचा नुसता सॅक्सोफोन ऐकला तो डर्टी हॅरीही आहे. संवाद जमैकन पात्वा बोलीत आहेत, तेव्हा सबटायटल्स असलेलीच प्रत घ्या. मी त्याशिवाय बसलो होतो आणि मध्यंतरापर्यंत फक्त ‘या मॅन’ एवढंच कळलं.